माझा गुलाम आणि मॅडमची राणी

आधी चहा संपवा. मधेच हसलात तर नाकात जाईल, आणि हसणार तर तुम्ही आहातच. माझ्या मूर्खपणावर आजवर कोण हसलं नाही?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. रविवारी दुपारी मात्र देवळाली कॅम्पात साठेंच्या व्हरांड्यात आमचा चौघांचा पोकरचा अड्डा. साठे तोफखान्यातून निवृत्त झालेले. परदेशी पोस्टिंगवर असताना ते हा खेळ शिकून आले होते.

पैसे? छे हो! सदऱ्याची बटणं लावायचो. पण वर्षाअखेर ज्याची बटणं जास्त, त्याला पुढचं वर्षभर वेताची आरामखुर्ची. ज्याची कमी, त्यानं वर्षभर सगळ्यांचा चहा करायचा.

खेळ सोपा आहे. दोन पानं तुमच्या हातात, झाकलेली. पाच पानं टेबलावर, एकेक करत उघडलेली, सगळ्यांच्या मालकीची. त्यातल्या शेवटच्या पानाला म्हणतात ‘रिव्हर’. तिथे समोरच्यानं पाच बटणं लावली, की तुम्हीही पाच भरून ‘कॉल’ करायचा आणि त्याची पानं बघायची. नाहीतर मुकाट्यानं पानं टाकायची. पाच म्हणजे पाचच. वाढवायची सोय नाही.

वर्षातला शेवटचा डाव. उरलो मी आणि कुलकर्णी मॅडम. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, पांढराशुभ्र अंबाडा. टेबलावर एक गुलाम, माझ्या हातात एक गुलाम. झाली जोडी! मी मनातल्या मनात खुर्चीत बसलोसुद्धा.

आणि रिव्हरला आली राणी.

मॅडमनी चष्मा पुसला, घातला, आणि पाच बटणं अलगद पुढे सरकवली.

आता? त्यांच्या हातात आणखी एक राणी असेल, म्हणजे माझ्या गुलामांहून वरची जोडी? की नुसतीच हूल? कॉल करून जिंकलो तर खुर्ची. पानं टाकली तर मधल्या मध्ये सुखरूप. कॉल करून हरलो तर वर्षभर चहा!

मी विचारात बुडालेलो, तेवढ्यात साठेंचा कुत्रा साखळी सोडवून पाववाल्याच्या मागे पळाला! सगळे त्याच्या मागे. तो स्टेशनाजवळ सापडला तेव्हा दिवेलागण झाली होती. साठे शिस्तीचा माणूस. त्यांनी आमची पानं दोन पाकिटांत घातली, वर लाख लावली आणि हुकूम सोडला, “निर्णय पुढच्या रविवारी!”

म्हणजे जो विचार माणूस अर्ध्या मिनिटात करतो, तो करायला मला मिळाला अख्खा आठवडा. माझ्यासारख्या माणसाला!

काय सांगू, तो आठवडा मी जमिनीवर नव्हतोच. मधे साठ बटणं पडलेली, भरायची पाच. बारा वेळा हरून तेराव्यांदा जिंकलो तरी बरोबरी. हिशेब म्हणायचा, कर कॉल. पण मॅडमचा तो शांत चेहरा आठवला की हिशेब विरघळायचा. थंडीचे दिवस, कचेरीच्या खिडकीतून कोवळं ऊन नकाशावर पडायचं, मी नदीची निळी रेघ ओढत राहायचो आणि त्या रेघेवरून राणी तरंगत यायची, मंद हसत. साहेब म्हणाले, “अहो, ही नदी बाजार समितीच्या आवारातून नेलीत तुम्ही!”

घरीही तेच. आरशासमोर दाढी करताना पुटपुटायचो, “कुलकर्णी मॅडमना कॉल करू? मन तर होतंय. धीर होत नाही.” जेवताना पोळीचा तुकडा हातातच. “माझा गुलाम, त्यांची राणी…”

आमची शालू, म्हणजे माझी बायको, ऐकत होती. पत्त्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मी रविवारी ‘साठेंकडे’ जातो, एवढंच तिला ठाऊक. तिनं मनमाडहून भावाला बोलावून घेतलं. बाळूदादा रेल्वेत गार्ड.

शनिवारी सकाळी आले ते दारातच उभे. “दाजी, तुमचं लय कॉल-कॉल चाललंय म्हणे. बरं हाय ना सगळं?”

“दादा, फार पेचात आहे हो,” मी म्हणालो. “पुढं जावं की सोडून द्यावं?”

“सोडा! आत्ताच्या आत्ता सोडा!”

“पण इतके दिवस जीव गुंतवलाय…”

दादा डोक्याला हात लावून बसले. मला वाटलं, किती मनापासून विचार करतायत!

मी आंघोळ करून बाहेर येतो तर शालू फोन ठेवत होती. डोळे ओले, पण चेहरा फुललेला.

“साठेंकडून नंबर घेतला आणि कुलकर्णी मॅडमना सरळ विचारलं,” ती म्हणाली.

माझा टॉवेल गळायचाच राहिला. “काय म्हणाल्या?”

“काहीच नाही म्हणाल्या. खळखळून हसल्या. अहो, अगदी काही म्हणजे काही नाही!”

काही नाही! म्हणजे राणी नाही! आणि ही बाई, माझी बायको, माझी तगमग बघून तिनं माझ्यासाठी एवढं केलं? ती रात्र मी पिसासारखा तरंगत काढली. चोरून पानं कळल्याची थोडी टोचणी होती, पण खुर्ची फारच मऊ होती हो.

रविवारी शालू आणि दादाही बरोबर आले. साठेंनी लाख फोडली. मी बटणं टेबलावर आपटली. “कॉल!”

मॅडमनी हळूच पान उलटलं. बदाम राणी.

“अहो पण,” मी किंचाळलो, “तुम्ही तर म्हणालात काही नाही! काल हिनं फोनवर विचारलं तेव्हा!”

साठे उभेच राहिले. “तुम्ही बायकोकरवी समोरच्याची पानं विचारलीत?”

“पानं?” शालू गोंधळली. “मी कुठे पानं विचारली? मी विचारलं, तुमच्यात आणि ह्यांच्यात काही…” आणि तिनं मॅडमच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा गळून पडला. दादा अंगणात जाऊन कुत्र्याशी बोलू लागले.

परतताना बसमध्ये शालू माझ्या खांद्याला टेकून बसली होती. बाहेर संध्याकाळ गुलाबी झालेली. ती हळूच म्हणाली, “पाच बटणांसाठी आठवडाभर विचार केलात. आणि मला बघायला आलात, तेव्हा किती केला होतात?”

मीही त्या गुलाबी तंद्रीतच होतो. अगदी प्रेमानं म्हणालो, “तुझ्या वेळी? अगं, काहीच विचार केला नाही!”

दादा उठून मागच्या सीटवर गेले. शालूनं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं आणि आमचा द्वारका स्टॉप येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.