चुकीच्या मेंढीची घंटी

नवीन जालन्यातल्या आमच्या घरी बसून मी आवाजाचं एक छोटं बोर्ड चालू करायच्या मागे लागलो होतो. अशा बोर्डावर कुठली चिप आहे आणि तिला ठेका देणारा क्रिस्टल किती वेगाचा आहे, हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाईलीत ठरलेल्या पद्धतीनेच लिहावं लागतं. मी लिहिलं. तपासणीत एकही चूक निघाली नाही. मग चाचणीला जुन्या मोबाईलमधलं एक रेकॉर्डिंग लावलं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कळपातल्या म्होरक्या मेंढीची घंटी होती ती.

कळप विकून बरीच वर्षं झाली. पण कळप होता तेव्हा आबा एकेक घंटी वाजवून, आवाज पारखून मेंढीच्या गळ्यात बांधत, आणि डोळे मिटून कोण कुठे चरतंय ते सांगत.

घंटी ऐकून, दारात उभे राहून ते म्हणाले, "ही म्होरकीची न्हाई. बारक्या मेंढीची हाय."

मी चिडलो. "आबा, तिचीच हाय. सगळं तपासून बसलोय."

"मंग तुझं मशीन खोटं बोलून राह्यलं."

रागारागात फाईल उघडली. क्रिस्टलचा आकडा मी दुसऱ्या बोर्डाच्या फाईलीतून उचलला होता. आमचा क्रिस्टल त्याहून वेगवान, म्हणून सगळा आवाज जरा चढा निघत होता. लिहायची पद्धत बराबर होती, त्यामुळे तपासणी गप्प बसली. आबा बसले नाहीत.

आकडा बदलून मी पुन्हा घंटी लावली. आबांनी अंगणाकडे वळून पाहिलं, आणि म्होरकीला वाट द्यायला दारातून बाजूला सरकले.