लोंब्या कोणाचा

संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला सशांची खोली होती आणि त्या खोलीत थोरलीचा शब्द चालत असे. घरात ती थोरली सून. संस्थेतही तेच नाव रुळले होते. पिंजरे झाडावेत, चारापाणी करावे, रोज सकाळी एकेका सशाला काट्यावर ठेवून वजन सांगावे, हे तिचे काम. धाकट्या दिराची नोकरी सुटली तेव्हा तिनेच डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकून धाकट्या जावेला तिथे चिकटवले. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला, हे तिला नंतर उमगले.

डॉक्टरीणबाईंचे काम एका चिवट दुखण्यावर होते. मोडलेले हाड सांधायला बसवलेल्या धातूवर जंतू बसतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर बांधतात आणि मग औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आतल्या आत हाड सडू लागते. त्यावर उपाय शोधण्यासाठी सशांना भूल देऊन त्यांच्या नडगीत बारीक सळ्या बसवल्या होत्या आणि तिथे जंतू सोडले होते. काही सळ्यांवर नव्या औषधाचा लेप होता, काहींवर नव्हता. कोणाला कोणती, हे खोलीत कोणालाच ठाऊक नसे.

दुखले तरी ससा ओरडत नाही. तो खाणे सोडतो. वजन घसरले की पाय दुखतो असे समजायचे, लगेच वेदनेचे औषध सुरू करायचे आणि हाडाचा फोटो काढायचा. म्हणूनच ठरलेल्या चाऱ्याखेरीज काडीही घालायची नाही, असा सक्त नियम होता.

एका ससुल्याचा डावा कान सदा लोंबत असे. त्याचे नाव लोंब्या. थोरलीची चाहूल लागली की तो जाळीला नाक लावून उभा राही. धाकटी आली आणि लोंब्या तिची पावले ओळखू लागला.

"जाऊबाई, हा बघा ना, माझी बाहीच सोडत नाही!" धाकटी हसत म्हणाली.

"साबणाचा वास येतो तुझ्या बाहीला. त्याला वाटतं, काहीतरी खायचंच आहे," थोरली म्हणाली.

त्यातच डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, की खोलीची कायमची जबाबदारी दोघींपैकी एकीला द्यायची आहे. थोरलीची झोप उडाली. नवरा म्हणाला, "अगं, ससा आहे तो! जावेवर जळतेस ते समजू शकतो, पण सशापायी?"

"तुम्ही कोणाच्या मागे गेलात तर एवढं लागायचं नाही मला," ती म्हणाली. नवऱ्याने पांघरूण डोक्यावरून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या कामावरच्या झग्याच्या खिशात केळे जाऊ लागले. धाकटी पाणी भरायला गेली की जाळीतून एक फोड आत, मग आणखी एक. लोंब्या पुन्हा तिच्याकडे धावू लागला. त्याने चारा अर्धा टाकला तरी काट्यावर वजन हलले नाही. तो जरा लंगडतो आहे, हे तिला दिसत होते. पण तो आपल्याकडे लंगडत येतो आहे, हेच तिला अधिक दिसे.

नेमल्या दिवशी सगळ्यांच्या हाडांचे फोटो निघाले. डॉक्टरीणबाई खोलीत आल्या त्या चेहरा पाडूनच. "लोंब्याची नडगी पार पोखरली आहे. इतके दिवस तो दुखणं काढत होता आणि आपण त्याला औषध दिलं नाही, कारण वजन भरलेलं. काय खात होता हा?"

थोरलीचा हात झग्याच्या खिशावर गेला. तोच धाकटी पुढे झाली. "बाई, चूक माझी. मी केळं घालत होते."

धाकटीला केळ्याचा वास कधीचाच आला होता. जिने नोकरी मिळवून दिली, तिची नोकरी वाचवावी, एवढेच तिच्या मनात असावे. थोरलीने नुसते गप्प बसायचे होते. खोली तिचीच होती.

डॉक्टरीणबाईंचा राग मात्र ओसरला. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "चुकलंच तुझं. पण फार जीव होता गं तुझा त्याच्यावर."

"तिचा कसला जीव!" थोरली ओरडली. "केळं माझं होतं! रोज मीच घालत होते. माझ्याच हातचं खायचा तो!"

धाकटीने कपाळाला हात लावला.

"उद्यापासून तुम्ही पिंजरे धुण्याच्या विभागात," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "खोली ही बघेल. लोंब्याला आता जास्त त्रास द्यायचा नाही. इंजेक्शन देऊन त्याला सोडवू. कोणीतरी धरायला हवं."

"मी धरते," थोरली म्हणाली. तिने त्याला उचलून छातीशी घेतले. भरलेले होते ते अंग, आणि ऊन होते. त्याने हवा हुंगत मान धाकटीच्या दिशेने वळवायला सुरुवात केली, तशी थोरलीने त्याच्यासकट पाठ फिरवली.

"तू बाहेर थांब," ती धाकटीला म्हणाली.

"जाऊबाई, मी नुसती..."

"बाहेर थांब म्हटलं ना."

धाकटी गेली. थोरलीने कोपराने दार लोटून घेतले आणि मगच डॉक्टरीणबाईंना मान डोलावून खूण केली.