तीस फुटांचं झाड

आमच्या घरात गणित बायकोला येतं आणि आत्मविश्वास मला.

सुनंदा शिरोळच्या एका हायस्कुलात दहावीला गणित शिकवते. लॅपटॉपवरून पडद्यावर त्रिकोण काढते, माउसनं त्याचं टोक ओढते आणि पोरांच्या डोळ्यांदेखत कोन, बाजू, सगळे आकडे पळायला लागतात! "नियम मी सांगत नाही, त्यांनाच सापडू दे," असं तिचं म्हणणं. त्या आठवड्यात तर मोबाइलमधल्या कोन मोजायच्या ॲपनं पोरांनी शाळेची पाण्याची टाकी मोजली होती. टाकीवर न चढता! मी डेअरीत दुधाचं फॅट मोजणारा माणूस. (त्यासाठी दुधात उतरावं लागत नाही. तसंच हे, असं मला वाटलं.)

अंगणातलं नारळाचं झाड वीज पडून वाळलं होतं. झावळ्या झडून नुसता खांब उरला होता. शनिवारी सुनंदा शाळेत असताना गावातला झाडं तोडणारा बापू ते पाडायला आला.

"अण्णा, फाटकाकडं पाडू या. पर ती गाडी हलवा."

गाडी म्हणजे सुनंदाची स्कूटर. त्या दिवशी ती मैत्रिणीच्या गाडीवरून गेली होती.

"किती लांब नेऊ?"

"रस्त्यावर लावा की सरळ!"

"उन्हात कशाला? थांब, झाड मोजतो."

"वर चढून?"

"हितनंच!"

बुंध्यापासून टेपनं तीस फूट मोजले, तिथं उभा राहिलो, मोबाइल डोळ्याला लावला आणि शेंड्यावर नेम धरला. पंचेचाळीस अंश! पंचेचाळीसला जेवढं अंतर तेवढीच उंची, एवढं बायकोच्या वहीत बघून मला ठाऊक होतं. म्हणजे झाड तीस फूट. स्कूटर बत्तीस फुटांवर लावली. (वरचे दोन फूट बापूच्या समाधानासाठी.)

"अण्णा, मला झाड लांब दिसतंय."

"बापू, हे गणित हाय!"

"व्हय, पर ते झाडाला ठाव हाय का?"

झाडाला ठाव नव्हतं. कडाकड आवाज झाला, धुरळा उडाला आणि त्या धुरळ्यातनं स्कूटरचा एक आरसा घरंगळत माझ्या पायाशी आला. उचलून बघितला, तर आत मीच!

"गणित लई लांब आलं की," बापू म्हणाला.

दुपारी सुनंदा आली. तोवर मी वारा, दोर आणि बापू अशा तीन जणांवर आळ घ्यायची तयारी केली होती. तिनं स्कूटर बघितली, झाड बघितलं. मला वाटलं, आता माझी पाळी.

"टेप द्या," ती म्हणाली.

सगळं मोजलं. मी कुठं उभा होतो ते विचारलं, मोबाइलमधला आकडा बघितला, फोटो काढले. आणि हसली! मी खरा घाबरलो तो तेव्हा.

"सोमवारी शाळेत या," म्हणाली. (पालकांना बोलावतात तसं!)

सोमवारी वर्गात पडद्यावर झाड होतं, स्कूटर होती आणि जमिनीवर एक ठिपका होता. ठिपका म्हणजे मी.

"यांचं कुठं चुकलं? शोधा," एवढंच म्हणून सुनंदा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एकेक जण येऊन माउस धरू लागला. कुणी कोन ओढला, कुणी झाड वाकवलं, कुणी स्कूटर सरकवून मला वाचवायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं सुनंदा चकार शब्द बोलली नाही! मला उत्तर ठाऊक असतं, तर मी दुसऱ्याच मिनिटाला ओरडून सांगितलं असतं.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिनं ठिपक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, ह्या काकांचे डोळे पायात हायत व्हय?"

वर्गात हशा फुटला! सुनंदानं तिच्या हातात माउस दिला. मुलीनं ठिपका पाच फूट वर उचलला, तशी रेघ वर सरकली आणि झाड पस्तीस फुटांचं झालं. तिनं ते आडवं केलं. शेंडा स्कूटरवर! सगळा वर्ग एकदम "आऽऽ" म्हणाला आणि मीही म्हणालो. कोन मी डोळ्यापासून मोजला होता आणि झाड जमिनीपासून धरलं होतं! स्वतःची उंचीच धरायला विसरलो होतो. हे चाळीस पोरांना कुणी न सांगता समजलं. मलासुद्धा! खिडकीपाशी गप्प उभ्या असलेल्या बायकोकडं बघून माझा ऊर भरून आला. मला शाळेत अशी बाई मिळाली असती, तर निदान स्कूटर तरी वाचली असती.

टाळ्या पडल्या. ती मुलगी म्हणाली, "काका, पुढल्या धड्यालाबी या की!"

"येतो की! कुठला धडा?"

सगळ्या वर्गाची नजर माझ्या चेहऱ्यावरून सावकाश पोटावर उतरली.

"गोलाचं घनफळ."