गेरूखालचं लेबल

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. रसायनशास्त्राची. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यासाठी आईबाबांनी मिलमध्ये हात झिजवलेत. बमरोलीच्या आमच्या गल्लीत लाइटबिल आलं, औषधाचं पाकीट आलं, की लोक माझ्याकडे येतात. मी वाचते आणि सांगते.

घरामागे मोरीला लागून चार फूट फरशी आहे. आईला तिथे भरताची हिरवी वांगी लावायची होती. बी तिनं खानदेशातून पदराच्या गाठीत आणलं होतं. आमच्याकडे आषाढात वांगं सोडायचं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच खायचं. यंदा नैवेद्य घरच्या वांग्याचा, असं आईनं ठरवून टाकलं होतं.

भंगारवाल्याकडून निळा ड्रम मी आणला. मधोमध कापून घेतला. अर्धा आम्हाला, अर्धा शेजारच्या काकूंना. त्या परभणीकडच्या, त्यांना टोमॅटो लावायचे होते. सोडा घालून तीनदा धुतला, भोकं पाडली, छान दिसावं म्हणून गेरू फासला. "धुतलाय, काही होत नाही," मी म्हणाले. मी म्हटल्यावर कोणी पुन्हा विचारलं नाही.

पावसाळ्यात गेरूचे पोपडे निघाले. उरलासुरला चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी पाणी घालताना गळून पडला. खाली फाटकं लेबल, त्यावर कवटीचं चित्र आणि एका रसायनाचं नाव. मी रंगाईच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. तो माल आम्ही हातमोज्यांशिवाय उघडत नाही.

तीन दिवस मी हे घरी सांगितलं नाही. जेवता जेवता उठायची, मागे जायची, परत ताटावर यायची. प्रयोगशाळेतल्या साहेबांना सहज म्हणून विचारलं, असल्या ड्रममधली भाजी चालेल का, तर ते म्हणाले, "खाऊ नका." इकडे आई रोज सकाळी वांगी चाचपायची, पदरानं पुसायची. चौथ्या दिवशी आईला सांगून टाकलं.

"तूच सांगं व्हतं ना, काही व्हत नही म्हनीसन?"

"लेबल वाचलं नव्हतं."

"गल्लीनं समदं वाचस. आनि आपलं नही वाचं?"

तिनं रोपं स्वतः उपटली. देठाचे काटे टोचत होते तरी थांबली नाही. नैवेद्याला बाजारची वांगी आणायची ठरली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शेजारले सांग. तू जाय."

काकू मागच्या दारात भांडी घासत होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं.

"दोनदा चटणी झाली की गं त्या टोमॅटोची," त्या म्हणाल्या. हात थांबला होता. "एवढी कॉलेजात जाऊन एक कागद वाचायला चार महिने लागले व्हय?"

"चुकलं माझं, काकू."

त्या उठल्या, मला घरात घेऊन गेल्या. कोपऱ्यात तसलाच निळा ड्रम, पाण्यानं भरलेला. "ह्यो प्यायच्या पाण्याचा. त्याच भंगारवाल्याचा. ह्याच्यावर काय लिहिलंय?"

मी गुडघ्यांवर बसून चहूबाजूंनी बघितलं. लेबल खरवडून काढलं होतं, नुसता चिकट चौकोन उरला होता.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. मला असं म्हणायची सवय नाही.

काकूंनी पदर खोचला. "मग बघत काय बसलीस? ओतून टाकू सगळं. धर ती बाजू."