भाऊकाकांचा सकाळचा निरोप

कॉम्प्युटरवरून पायथनसारखी एखादी प्रोग्रामिंगची भाषा काढून टाकायची असली, की भाऊकाका आधी कागद-पेन्सिल घेऊन बसत. या भाषेतले कोणते प्रोग्राम चालू आहेत, लपलेल्या फोल्डरांत काय उरेल, तिचा पत्ता कॉम्प्युटरने आणखी कुठे टिपून ठेवलाय, सगळं लिहून काढत. मी घाई केली की म्हणत, "अरे, जल्दी कशाला? हिच्या भरवशावर कोण बसलंय ते तर बघ!"

गंगेकाठी, दुर्गाघाटच्या त्यांच्या माडीवर मी हे काम शिकलो. एकदा त्यांची नजर चुकवून मी जुन्या आवृत्तीचा फोल्डरच पुसून टाकला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईना. त्याची स्वतःची कामं त्याच आवृत्तीवर चालत होती. मी रडवेला झालो. काका चष्मा पुसत म्हणाले, "वा! घराचा खांबच पाडलास. सरक आता." दोन दिवस खपून त्यांनी तो पुन्हा उभा केला.

यंदा वैशाखात, गंगेवर आंघोळीला निघालेले काका जिन्यात बसले आणि तिथेच गेले. दुसऱ्या सकाळी माझ्या फोनवर निरोप आला: "परवा आपल्या वडिलांची तिथी. गुरुजींना सांगितलंत का? – भाऊकाका."

फोन हातातून पडला. आसपासच्या मराठी घरांना श्राद्धाची तिथी कळवणारा त्यांचा पायथनमधला प्रोग्राम आपोआप चालूच होता, हे ध्यानात यायला वेळ लागला.

तेरावा झाल्यावर काकूंनी बोलावलं. "प्रत्येक निरोप यांच्याही फोनवर येतो. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी वाजतो रे. मी परेशान झाले. ते पायथन का काय, मुळासकट काढ."

मी काकांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. निरोप कोणाकोणाला जातात ती यादी उघडली. बत्तीस घरं.

"उद्या निरोप कोणाला?" काकूंनी विचारलं.

"ब्रह्माघाटच्या माईंना. त्यांच्या यजमानांची तिथी."

"तिला आता दिसत नाही. पंचांग कोण बघणार तिच्याकडे? सून निरोप वाचून दाखवते." काकूंनी काकांचा फोन पालथा ठेवला. "मग राहू दे. पण गेलेल्या माणसाच्या नावाने नको. माझं नाव घाल खाली."

माझी बोटं थांबली. तीस वर्षं या घरात माझं जाणं-येणं, आणि काकूंचं नाव मला ठाऊक नव्हतं. विचारावं लागलं.

"माहेरचं की सासरचं?" काकूंनीच उलट विचारलं.

मी निरोपाखालचं काकांचं नाव पुसलं.

"माहेरचं लिही," काकू म्हणाल्या. "कुसुम."