ज्वारीत टांगलेली सीडी

आमच्या बाला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की त्याला हमखास एखादं मेंढरू मागं राहिल्याची आठवण व्हायची आणि तो चालायला लागायचा. मतदानाच्या कार्डावर त्याचा एक फोटो होता, पण तो इतका काळा की ते कार्ड घेऊन काका मत द्यायला गेला असता तरी कुणी अडवलं नसतं. त्यामुळे बा गेला तेव्हा घरात त्याचा धड एकही फोटो नव्हता. तेराव्याला आम्ही पाटावर त्याची घोंगडी ठेवून वेळ मारून नेली. पाहुणे पांगल्यावर माय मला म्हणाली, "वर्साच्या आत फोटो पायजे मला. न्हाई तर मी इसरून जाईन त्यांचं तोंड."

मला ते खोटं वाटलं. उभा जन्म ज्याच्यासोबत मेंढरं राखली त्याचं तोंड कसं विसरेल? मग मी डोळे मिटून पाहिलं. पटका दिसला, पांढऱ्या मिशा दिसल्या, तंबाखूनं काळे झालेले दात दिसले. सगळं सुटं सुटं. अख्खा चेहरा काही समोर येईना, आणि मीच घाबरले.

मी तेव्हा पुसेगावाजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीनं हिंगोलीला जाऊन एका क्लासमध्ये संगणक शिकवायची. एखादी गोष्ट कशी चालते ते कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही, ही खोड लहानपणापासूनची. त्याच खोडीमुळे मला आठवलं की आदल्या दिवाळीला पुण्याचा आतेभाऊ नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं म्हशीचे, चुलीचे, मेंढवाड्याचे फोटो काढले आणि एका सीडीवर घालून आम्हाला पाठवले. मेंढवाड्याच्या एका फोटोत, कोपऱ्यात, बा नकळत सापडला होता. कोकराच्या नादात त्याला पळायला सुचलं नसावं. आतेभावाच्या संगणकातले फोटो पुढं दुरुस्तीत पुसले गेले. म्हणजे जे काय होतं ते त्या सीडीवर.

काका म्हणाला, मी बघतो. बाच्या पाठचा भाऊ तो, त्याचा हक्क होता. सीडी घेऊन तो शहरातल्या एका स्टुडिओत गेला, पुन्हा गेला, आणखी गेला, आणि एक दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेली भली मोठी चौकट घेऊन आला.

कागद काढला. आत एक गोरापान माणूस निळा कोट आणि टाय घालून धबधब्यापुढं बसला होता. डोक्याला पटका नाही, केसांचा भांग पाडलेला, ओठ मिटलेले, नजर समोर. गालावर एक सुरकुती शिल्लक ठेवली नव्हती. मायनं बराच वेळ बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, परका माणूस दारात आला की ओढायची तसा.

"हे कोन व्हय?" तिनं विचारलं.

"काहून वहिनी? आपले दादाच हायेत," काका म्हणाला. "कोट तेवढा घातला. दारातून दिसला पायजे म्हनून मोठा करून आनला. पाहुन्याला बराबर वळखू येते आता."

"पाहुन्याला येत असंल. मला येत न्हाई."

काकाचं तोंड उतरलं. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. तिथला माणूस भांडणारा निघाला नाही ही माझी पंचाईत झाली. त्यानं मला खुर्ची दिली आणि संगणकावर कोटांची एक रांगच उघडून दाखवली. निळे, काळे, चौकडीचे, सगळे बिनमुंडक्याचे. "ताई, खेड्यातले लोक स्वतःच मागतात," तो म्हणाला. "जित्तेपनी घातला न्हाई, मेल्यावर तरी घालू द्या म्हनतात. मी कशाला नाही म्हनू?"

मी मूळ फोटो मागितला. तो त्याच्याकडं नव्हता. काका दर खेपेला नवी सूचना घेऊन यायचा: उजळ करा, पटका काढा, मान सरळ करा, कोटाचा रंग बदला. हा गृहस्थ दर वेळी तीच फाईल उघडायचा, बदलायचा आणि तिच्यावरच सेव्ह करायचा. आमच्याकडं घरातल्या प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय काही होत नाही, आणि बाच्या चेहऱ्यावर अख्ख्या भावकीनं हात फिरवला होता.

ती फाईल मी पेन ड्राईव्हवर घेतली आणि दुपारी क्लास रिकामा झाल्यावर उघडली. बाचा गाल मोठा करत गेले. एका टप्प्याला गाल संपला आणि नुसते चौकोन उरले. एक तपकिरी, शेजारी जरा फिका, त्याच्याशेजारी आणखी फिका. कुठल्याच चौकोनात बा नव्हता. मागं सरकलं की कोटवाला गृहस्थ परत यायचा. मला भूक लागल्याचंही भान राहिलं नाही. हे चौकोन येतात कुठून, आणि फोटो मोठा केला की नवे कोण भरतं?

मग मी त्याचा पिच्छाच पुरवला. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा एक फोटो घेतला, थोडा बदलला, सेव्ह केला, बंद केला, परत उघडला, परत तेच. सुरुवातीला काही फरक दिसेना. नंतर कानाच्या कडेला धुरकट मळ जमायला लागला, अंगावरचे केस एकमेकांत लिंपले गेले आणि शेवटी कुत्र्याला कुत्रा म्हणणं अवघड झालं. जेपीजी फाईल बदलून सेव्ह करताना संगणक जागा वाचवायला दर वेळी थोडं थोडं टाकून देतो, आणि टाकलेलं परत आणता येत नाही. मोठं करताना तर तो चक्क थापा मारतो. दोन चौकोनांच्या मध्ये काय होतं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून शेजाऱ्यांचा रंग बघून मधला ठोकून देतो. म्हणजे काकानं आणलेल्या चौकटीत बा थोडा होता आणि बाकी संगणकाचा अंदाज होता.

आता सीडीशिवाय इलाज नव्हता. मी काकाला गाठलं.

"ती व्हय?" काका म्हणाला. "तिचं काम झालं म्हनून म्या जवारीत टांगली. लई चमकते. पाखरं जवळ येऊन न्हाई राहिली."

माघ महिना होता, कणसं दाण्यावर आलेली. मी तशीच वावरात पळाले. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, विहिरीपर्यंत काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक काठीला दोरीनं एक सीडी, वाऱ्यावर गरागरा फिरणारी. काकानं गावभरातून गोळा केल्या होत्या. कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या भजनांच्या. नावं उन्हानं उडालेली. मी सगळ्याच काढल्या, आणि त्या दिवशी आमच्या ज्वारीवर पाखरांची पंगत बसली. काका धुऱ्यावर उभा राहून हातवारे करत होता, पण मला थांबवलं नाही त्यानं.

जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि साबणाचं पाणी घेऊन बसले. सीडी गोल गोल घासायची नसते. मधून कडेकडं सरळ पुसत जायचं. क्लासमधल्या ड्राईव्हनं एकेक सीडी आत घेतली, कण्हत फिरवली आणि थुंकल्यासारखी बाहेर टाकली. कुणाची हळद निघाली, कुणाची वरात निघाली. आमची लागली तेव्हा म्हशीचा फोटो उघडलाच नाही. चूल अर्धी उघडली, खाली राखाडी पट्टा. मग मेंढवाड्याच्या फोटोवर क्लिक केलं. तो वरून खाली हळूहळू उतरत गेला. आभाळ, बाभळ, मेंढरांच्या पाठी, पटका, आणि मग बा. काखेत कोकरू, तोंड अर्धवट उघडं. मी रिकाम्या क्लासमध्ये रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी त्या फोटोच्या दोन नकला केल्या आणि मूळ फोटोला हात लावायचा नाही असं ठरवलं. नकलेवर मात्र मलाही राहवलं नाही. जरा उजेड वाढवून पाहिला, तर पांढऱ्या मिशीची कड पटक्यासारखीच भगभगीत झाली आणि गालाच्या सुरकुत्या गेल्या. धारदार करून पाहिलं, तर अंगावर वाळू फेकल्यासारखं दिसायला लागलं. जे जे करावं त्यानं बा थोडा कमीच व्हायचा. शेवटी काहीच केलं नाही. नांदेडच्या लॅबला फोटो दिला तेव्हा काउंटरवरच्या माणसाला तीनतीनदा बजावलं की उजळ करू नका, आमचा बा काळाच होता.

प्रिंट पोस्टकार्डाएवढी काढली. मायला समजावलं, मूठभर बी वाफ्यात टाकलं तर दाट उगवतं, तेच अख्ख्या वावरात फेकलं तर मधली जमीन उघडी दिसते. ती म्हणाली, "मंग वाफ्यातच राहू दे."

वर्षश्राद्धाला भावकी जमली. भिंतीवर ती लहानशी चौकट बघून काका दारातूनच म्हणाला, "एवढासा? आन नजर कुठं हाय दादाची? तोंड उघडं, ध्यान भलतीकडंच. त्या स्टुडिओवाल्यानं कसं नीट केलतं."

आमच्याकडं बायका चारचौघांत नवऱ्याशी बोलत नाहीत. मायला बाला काही सांगायचं असलं की ती मला म्हणायची, "तुझ्या बाला सांग." चालतानाही त्याच्या मागं हातभर अंतर ठेवायची. त्या दिवशी ती उठली आणि चौकटीच्या इतकी जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

"भलतीकडं न्हाई," ती काकाकडं न बघता म्हणाली. "तिकडं मी व्हते. कोकराची माय धरून उभी व्हते मी. तिला सोड म्हनून राहिले ते मला."

काका चपला काढून आत आला, आणि त्याच्या मागून बाकीचेही आले. मायनं पदरानं काच पुसली, आणि सगळ्या भावकीदेखत थेट बालाच म्हणाली, "सोडते. दम धरा जरा."