यादीतली बारावी ओळ

भरती विभागातल्या त्या बाईंना अख्खी कंपनी चाळणबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना मनातून आवडायचं. लोकांचे पैसे शेअर आणि रोख्यांत गुंतवणारी ती नावाजलेली कंपनी. दर वर्षी नव्या पदवीधरांपैकी चाळीस जणांना मुलाखतीला बोलवायचे आणि अर्ज यायचे दीड हजार. ते सगळे आधी चाळणबाईंच्या टेबलावरून जायचे.

अर्ज ईमेलने येत, पण साहेबांचा विश्वास कागदावर, म्हणून ते छापले जात. टेबलावर दोन ट्रे. डाव्यातले अर्ज पुढे साहेबांकडे, उजव्यातल्यांना खेदपत्र. कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती, त्यात नामांकित विद्यापीठांची नावं. उमेदवाराचं विद्यापीठ यादीत असेल तर अर्ज डावीकडे, नसेल तर उजवीकडे. मार्क बघायचे नाहीत, आणि त्या पोरांनी रात्ररात्र जागून लिहिलेलं पानभर मनोगत तर मुळीच नाही. एका अर्जाला चार सेकंद लागत. बावीस वर्षं बाईंनी हे इमानेइतबारे केलं, आणि एकदाही चहाचा डाग पडू दिला नाही.

बाई नाकासमोर चालणाऱ्या. ऑफिसची टाचणी चुकून पर्समधून घरी आली तर दुसऱ्या दिवशी डबीत परत. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि घरी फारसं बोलायचा नाही, म्हणून निभावलं.

लेक मात्र बोलणारी. टायरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत भरणाऱ्या कॉलेजातून ती पहिली आली होती. सकाळी दात घासता घासता कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची आणि कुठला चेअरमन कुठे थापा मारतोय ते बापाला समजावून सांगायची. बाप मान डोलवायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण पोरगी हुशार आहे एवढं कळत होतं.

"आई, मी तुमच्याच कंपनीत अर्ज करते," ती एकदा म्हणाली.

"कर की," बाई म्हणाल्या, आणि यादीत टायरच्या दुकानावरचं कॉलेज नाही हे सांगितलं नाही.

लेकीचा अर्ज बुधवारी आला. नेहमीच्या चार सेकंदांऐवजी त्या अर्जाला एक अख्खं मिनिट लागलं. बाईंनी कपाट उघडलं, रोज बघायची तीच यादी वरून खालपर्यंत पुन्हा वाचली, कपाट लावलं आणि अर्ज उजव्या ट्रेमध्ये ठेवला. मग इतरांसारखंच तिचंही खेदपत्र टाईप केलं. पत्ता विचारायची गरज नव्हती. पत्र पर्समधून नेता आलं असतं, पण ऑफिसचं पत्र टपालानेच जातं, म्हणून ते तीन दिवस शहरभर फिरून घरी पोचलं.

लेकीने ते जेवायच्या टेबलावर उघडलं. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं शेवटी होतं आणि खाली कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं.

"हे तू टाईप केलंस?"

"माझं कामच आहे ते."

"वाचलास तरी का अर्ज?"

"वाचायचा नसतोच तो," बाई म्हणाल्या. आणि हे वाक्य आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू आलं असं त्यांना वाटलं.

त्यानंतर अकरा दिवस माय-लेकीचं बोलणंचालणं बंद. टेबल एवढंसं, पण सगळा व्यवहार बापामार्फत. "बाबा, आईला सांगा मीठ इकडे द्यायला." "अहो, तिला सांगा, हाताजवळच आहे." बाप बिचारा मीठ इकडून तिकडे करत बसायचा, आणि जेवण गार झाल्यावर जेवायचा.

बाराव्या दिवशी ऑफिसात फोन आला. एका मोठ्या विद्यापीठातले नोकऱ्यांचं बघणारे गृहस्थ होते आणि आवाज अगदी मऊ होता. "बाई, आमच्याकडून काही आगळीक झालीय का? सहा वर्षांत आमच्या एकाही मुलाला तुमचं बोलावणं आलं नाही."

"यादीत नाव नसेल," बाई म्हणाल्या.

"असं कसं होईल? तुमचे साहेब आमचेच विद्यार्थी."

बाईंनी फोन ठेवला आणि फडताळातून मूळ टाईप केलेली यादी काढली. तिच्यात बारा नावं होती. दारावरच्या यादीत अकरा. सहा वर्षांपूर्वी जुना कागद पिवळा पडला म्हणून बाईंनी स्वतःच त्याची झेरॉक्स काढून चिकटवली होती. मशीनने खालचा काठ खाल्ला होता, आणि काठाबरोबर साहेबांचं विद्यापीठ. आणि कागदावर जे नाही ते बाईंच्या लेखी नव्हतंच.

ज्यांनी कधी स्वल्पविरामाची चूक केली नाही, त्यांनी सहा वर्षं एक अख्खं विद्यापीठ उजव्या ट्रेमध्ये घातलं होतं. दाराचा कागद काढून नवा लावला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. हा विचार त्यांच्या मनात आला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. पण पाय साहेबांच्या केबिनकडेच वळले.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बोटाने एकेक नाव दोन्हीकडे मोजलं.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "दर वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी भाषण करतो. आमच्या वेळची गुणवत्ता आता राहिली नाही, तुमची पोरं आमच्या चाळणीतून उतरत नाहीत, असं सांगतो. मागच्या वर्षी कुलगुरू रडायचे बाकी होते."

"चूक माझी आहे, साहेब. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"शिक्षेचं नंतर बघू. आपलं कामकाज ह्या सहा वर्षांत कसं झालं?"

"आजवरचं सगळ्यात चांगलं, असं तुम्हीच म्हणालात."

साहेब पुन्हा त्या दोन कागदांकडे बघू लागले. बाईंनी तेवढ्यात धीर गोळा केला. "साहेब, ह्यात माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगते. माझी मुलगी यादीबाहेरच्या कॉलेजातली. तिला मीच नाकारलं. पण तुमच्या विद्यापीठाची हुशार मुलं सहा वर्षं आली नाहीत आणि कंपनीला ते जाणवलंही नाही. मग जी मुलं कधीच आली नाहीत, त्यांच्यातली कोण कोण आपण गमावली, ते आपल्याला कसं कळणार?"

एवढं लांब वाक्य बाई ऑफिसात पहिल्यांदाच बोलल्या होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मेळाव्यातली भाषणं त्यांना आठवत असावीत, कारण कान लाल झाले होते. त्या वर्षापुरतं त्यांनी ठरवलं: यादी बंद. अर्ज केलेल्या सगळ्यांची दोन तासांची परीक्षा, एका कंपनीचा ताळेबंद वाचून त्यातली खोट शोधायची. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक, विद्यापीठाचं नाव नाही.

घरी बाईंनी थेट लेकीला सांगितलं. बापाला मधे घेतलं नाही, तेव्हा त्याला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. लेक आधी "मला नको उपकार" म्हणाली. उपकार नाही, दीड हजार जणांना बोलावलंय, असं कळल्यावर अभ्यासाला बसली. बाईंनी परीक्षेच्या कामातून स्वतःला बाजूला काढून घेतलं, कागदांच्या खोलीची किल्लीसुद्धा शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे दिली. तीन आठवडे त्यांना झोप लागली नाही. पोरीने लिहिलेलं एकदा तरी कोणी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

निकालाचा कागद साहेबांनी स्वतः आणून दिला. बोलावलेल्या चाळिसांत सतरा जण असे होते की ज्यांच्या कॉलेजांची नावं साहेबांना उच्चारताही येईनात. साहेबांच्या विद्यापीठाचे दोन. "भाषण बदलावं लागणार," ते पुटपुटले.

लेकीचा नंबर सेहेचाळिसावा होता.

बाईंनी कागद पुन्हा वाचला. सेहेचाळीसच. त्या दिवशी त्यांनी पत्र टपालात टाकलं नाही. चालत घरी गेल्या, दारातच चपला काढता काढता सांगितलं आणि रडायला लागल्या. बाप आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आला आणि कोणाला द्यायचा ते न कळून तसाच उभा राहिला.

"सेहेचाळीस?" लेकीने विचारलं. "किती मार्कांनी गेलं?"

"नऊ. ताळेबंदातल्या रोख्यांच्या प्रश्नात गेले, म्हणे."

"तिथे मी घाई केली. मला वाटलंच होतं." मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नकोस गं. मागच्या वेळी तुम्ही टायरच्या दुकानाला नापास केलं होतंत. या वेळी मला केलंत. नऊ मार्क मी वाढवीन, आई. कॉलेज कुठून बदललं असतं?"

आणि बापाच्या हातातला पेला घेऊन तिने स्वतःच पाणी पिऊन टाकलं.